कंपनीचा फिल्टर की लोकल

आमचे हे महाडच्या कोर्टात कारकून होते, त्यामुळे ज्यावर शिक्का ते खरं असा त्यांचा पक्का समज. मी चवदार तळ्याजवळच्या आमच्या खोलीत बायकांचे झंपर शिवायचे, आणि हाताला लागल्याशिवाय माझा कशावरच विश्वास बसत नसे. तरी आमचा संसार बरा चालला होता.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भोरच्या एका मुलींच्या शाळेतून मला शिवणबाईच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. नोकरी लागली असती तर तिथेच खोली घेऊन राहायचं आणि रविवारपुरतं घरी यायचं. मी पत्र यांच्यापुढे ठेवलं. यांनी ते दोनदा वाचलं, खालचा शिक्का निरखला आणि घडी घालून परत दिलं. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. आठवडाभर मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मलाही राग आला आणि मी विचारायचंच सोडून दिलं.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी मात्र आपणहून म्हणाले, "एसटीनं वेळेत पोचणार नाहीस. मी फटफटीवर सोडतो."

फटफटी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. घाटाआधी तपासायला नेली, तर मेस्त्रीने ऑइलचा फिल्टर काढून आमच्यापुढे धरला. काळाकुट्ट, ऑइलच्या राडीने माखलेला. "ह्यो घालून घाट चढू नका, साहेब," तो म्हणाला. "वरंधच्या पुढं कुठं इंजिन धरलं तर दोघांनी ढकलत यावं लागंल."

एसटी स्टँडजवळच्या दुकानात दोन फिल्टर निघाले. एक खोक्यातला, कंपनीचा. दुसरा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, लोकल. यांनी खोकं फिरवून फिरवून शिक्का शोधला आणि समाधानाने म्हणाले, "हाच द्या."

"आधी उघडा बघू," मी म्हटलं.

"अगं, सीलबंद आहे ते!"

"म्हणून काय झालं? मी न उलगडता कापड घेते का कधी?"

दुकानदाराने नाखुशीने दोन्ही फिल्टर गल्ल्यावर मांडले, आणि मला हसूच आलं. मी समजत होते काहीतरी लोखंडी प्रकरण असेल. तर ती निघाली जाळीवर चढवलेली फेल्टची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची, पिशवी. हे तर माझंच खातं! खोक्यातल्या फिल्टरला चिमटा काढला तर बोटांना लव चिकटून आली. टाके लांब लांब, शेवटचा दोरा तर तसाच लोंबत सोडलेला. लोकलची शिवण बारीक, आणि शेवटी टीप उलटी फिरवून पक्की केलेली.

"खोकं कंपनीचं असेल," मी म्हटलं. "आतला माल नाही."

दुकानदाराने तो फिल्टर डोळ्यांजवळ नेला. माणूस लबाड नव्हता, त्याचाच चेहरा पडला. "वैनी, मुंबयवरनं आला तसा ठेवला. ह्यो कंपनीचा डुप्लिकेट निघाला. पन ह्यो लोकल ओरिजनल हाय!"

"पण शिक्का आहे त्यावर," हे हळूच म्हणाले.

"शिक्का खोक्यावर आहे. ऑइल खोक्यातून जाणार आहे का?"

आवाज जरा चढलाच माझा. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, यांचे कान लाल झाले. चारचौघांत असं बोलायला नको होतं, ते बोलून गेल्यावर लक्षात आलं. म्हटलं, आता भोर संपलं. पण यांनी माझ्यासारखाच दोन्ही फिल्टरना चिमटा काढून पाहिला आणि म्हणाले, "लोकल द्या."

मुलाखतीच्या दिवशी पहाटे निघालो. घाट लागल्यावर हे दर दोन वळणांना थांबायचे, ऑइल गळतंय का ते बघायला गुडघे टेकून फिल्टरच्या झाकणाभोवती बोट फिरवायचे आणि पुन्हा किक मारायचे. उशीर होतोय म्हणून मी किती ओरडले! पण मनातून बरं वाटत होतं. शाळेत पोचलो तेव्हा पाचच मिनिटं शिल्लक होती.

आत तिघेजण बसले होते. माझे नमुने त्यांना आवडले. मग अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "इथे राहावं लागेल, बाई. यजमानांची संमती आहे ना?"

मला काय ठाऊक! मी खिडकीकडे बोट केलं. "ते बाहेर आहेत. त्यांनाच विचारा."

अध्यक्ष खिडकीशी गेले आणि म्हणाले, "काय हो, तुमचं काय म्हणणं?"

हे फटफटीशेजारी उकिडवे बसले होते, ते धडपडत उठले. काळे झालेले दोन्ही हात वर करून, कोर्टातली भाषा विसरून, महाडजवळच्या नाते या आपल्या गावच्या बोलीत ओरडले, "येक थेंब गळला नाय! दर शनवारी न्यायला येईन तिला!"

अध्यक्ष गोंधळून माझ्याकडे वळले. "काय गळलं नाही?"

"संमती आहे म्हणतायत," मी म्हटलं, आणि पदराने डोळे पुसले.