पुंजारामचा वाटा

गोजरबाईच्या हातून आजवर साधी सुई हरवली नव्हती. बेलापुरातल्या बायका म्हणायच्या, हिच्या घरात उंदरालासुद्धा विचारून हिंडावं लागतं. आणि अशा बाईचं रेशनकार्ड हरवावं! तेही त्र्याहत्तर साली, भर दुष्काळात. घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीशिवाय दुसरं काही होत नव्हतं, आणि तो तांबडा मिलोही कार्डाशिवाय कुणी देत नव्हतं.

कार्ड देवाच्या कोनाड्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं असायचं. शुक्रवारी दुष्काळी कामावर खडी फोडून घरी आल्यावर तिनं कोनाड्यात हात घातला. फडकं होतं, नीट घडी घातलेलं. आत काही नव्हतं. तिनं अंथरुणं झटकली, डबे पालथे घातले, सासूची उशी उचकटली. लेकीला, मनकर्णाला, उगाचच दोन धपाटे घातले. "मी कशाला घिऊ त्ये? खायचंय का मला?" म्हणत पोर रडायला लागली.

नवरा सहादेव ओसरीवरून म्हणाला, "उद्या कचेरीत जा आन् सांग, कार्ड हरवलं म्हनून. कुनाच्या हाती लागलं तर आपलं धान्य त्योच उचलंल."

सांगायला त्याचं काय जातंय! जायचं होतं हिला, आणि हिची भीती हिलाच ठाऊक. कार्डावर नावं होती पाच आणि घरात माणसं चार. पाचवं नाव थोरल्या पोराचं, पुंजारामचं. दोन वर्षांपूर्वी सहादेवनं त्याला जेवत्या ताटावरून उठवलं होतं. "काम न्हाई, धंदा न्हाई, नुसता बसून खातूस." पोरानं हातातला घास ताटात ठेवला, चूळ भरली आणि गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. त्याचं नाव कमी करा, असं सांगायला गोजरबाईची जीभ कधी रेटली नाही. मग दुष्काळ पडला. त्याच्या वाट्याचा मिलो घरात येत राहिला आणि चौघांच्या पोटात जात राहिला. आपण सरकारला फसवतोय हे तिला कळत होतं. पोराच्या वाटचं खातोय, हेही कळत होतं.

शनिवारी कामावर खाडा करून ती चालत श्रीरामपूरला गेली. कचेरीबाहेर बसलेल्या माणसाकडून अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला. आतल्या कारकुनानं मान वर न करताच विचारलं, "खाणारी माणसं किती?"

"पाच."

"पाचही घरातच असतात?"

कार्डावर खोटं सांगितलं की तुरुंगात टाकतात, असं कामावरच्या बाया म्हणायच्या. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "व्हय सायेब."

"दुकानदाराचा शेरा आणा. मग चौकशीला माणूस येईल, घरातली डोकी मोजील. त्यानंतर दुसरं कार्ड."

डोकी मोजील! बेलापूरच्या वाटेनं परत येताना हेच तिच्या मनात फिरत होतं. पाचवं डोकं कुठून आणायचं, अगं बाई? शेजारचं पोर आणून बसवावं, तर अख्खं गाव ओळखणार.

रेशन दुकानदार भिमाजी गावात येऊन सालभरच झालेलं, माणूस बोलायला खाष्ट. अर्ज वाचून त्यानं वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हरवलं कसं म्हणता? परवा गुरुवारी तर तुमच्या कार्डावर धान्य गेलंय."

गोजरबाई मटकन पायरीवर बसली. "समदं नेलं?"

"नाही ना. एकाच माणसाचं. मी म्हटलं, पाच नावं आहेत, पाचांचं ने की. तर म्हणतो, माझ्या एकट्याचं द्या, बाकीचं घरच्यांचं हाय."

"कोन हुता?"

"नाव पुंजाराम सांगितलं. कार्डावर नाव होतं, दिलं मी. दाढी वाढलेली, डोक्याला पंचा. आता कळतंय, चोर असणार मेला. नाव काय, कार्डावरचं वाचून कुणीही सांगेल. पण तुम्ही घाबरू नका. आठवड्याचं धान्य गुरुवारपासून मिळतं, येत्या गुरुवारी परत येणार तो. फौजदाराला सांगून ठेवतो. इथंच धरू आणि हाडं मोडू." त्यानं शेरा लिहायला पेन उघडलं.

चोरानं पाचांचं नेलं असतं. चोरानं फडक्याची घडी घातली नसती. माझं लेकरू भुकेलं घरी आलं, तर सगळी कामावर, म्हातारी देवळात, घरात कुणी नाही आणि टोपल्यात भाकरीचा तुकडा नाही! गोजरबाईनं पुढं होऊन अर्ज ओढून घेतला.

"लिहू नगा शेठ. कार्ड चोरीला गेलं न्हाई. म्याच दिलं त्याला. इसरले हुते."

"बाई, शुद्धीवर आहात का? कार्ड गेलं म्हणून लिहून दिलं नाही, तर दुसरं मिळायचं नाही. चौघं खाणार काय?"

सहादेव आज घर डोक्यावर घेणार होता. सासू संध्याकाळी ताट मागणार होती. आणि भिमाजी म्हणतो तसा तो खरंच चोर असला तर? तरी तिनं अर्जाची घडी करून कमरेला खोचली.

"त्याच्या पायात काय हुतं? का अनवानीच हुता?"

"लोकांचे पाय कुठं बघत बसू मी?"

"बरं. गुरुवारी मी कामावर जात न्हाई. दुकान उघडायच्या आदीच हितं येऊन बसते." ती उठली, दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली. "पन मला बघून त्यो माघारी फिरला, तर तुमी हाक मारा शेठ. म्हनावं, पाचांचं घे आन् घरी चल."