पुतण्याची नोकरी

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. विषय जवळ आला की मी उठून मोटर चालू आहे का ते बघायला जायचो, नाहीतर डोळ्यांवर असलेला चष्मा शोधत बसायचो. आता ही माहीत असलेला दुसरा माणूस, मंचरचे शेठ, तेही गेले. म्हणजे मी गेलो की खरं काय झालं ते सांगायला कुणी उरणार नाही.

मी हायस्कूलचा मास्तर. सगळी नोकरी पेठच्या आसपासच्या गावांत झाली. आमच्या घरात शेती थोरल्या भावानं बघायची आणि शिक्षणाचं मी बघायचं, अशी वाटणी कुणी न करताच झाली होती. कुणाला कुठल्या शाळेत घालायचं, दहावीनंतर काय घ्यायचं, हे मी सांगायचो. दादा मला नावानं हाक मारत नसे, मास्तरच म्हणे. "मास्तर, तू म्हनशील तसं. मला त्यातलं काय कळतंय?"

दादाला एकच मुलगा. अभ्यासात बरा होता. बारावीनंतर त्याचा अवसरीला इंजिनिअरिंगला नंबर लागला, तेव्हा बापापेक्षा मला जास्त आनंद झाला. मी वर्गात त्याचं उदाहरण द्यायला लागलो. मुलं कंटाळली असतील, पण मी थांबलो नाही. पदवी घेतली की माणूस मार्गाला लागतो, असं मी जन्मभर सांगत आलो होतो आणि आता त्याचा पुरावा माझ्या घरात तयार होत होता.

शेवटच्या वर्षाला कॉलेजात एक कंपनी आली, तिनं काही मुलं निवडली. त्यात तो होता. दुसऱ्याच दिवशी मी मंचरला जाऊन फ्लेक्स करून आणला. आमच्याकडे फ्लेक्स कशाचाही लागतो. वाढदिवसाचा, बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटात पहिला आल्याचा, सोसायटीवर बिनविरोध निवडून आल्याचा. ज्याचा फ्लेक्स नाही त्याचं काही झालंच नाही, असं गाव धरून चालतं. एसटी स्टँडसमोर आमचा लागला. पुतण्याचा फोटो, अंगात स्टुडिओतला कोट. नामांकित कंपनीत इंजिनिअरपदी निवड. खाली शुभेच्छुक म्हणून मी. माझा फोटो जरा मोठाच आला होता.

"काका, जॉइनिंगचं पत्र येऊ द्या, मग लावू," असं तो म्हणाला होता.

"पत्राचं काय, येईलच," मी म्हणालो.

पत्र आलं नाही. कंपनी आधी म्हणाली दिवाळीनंतर, मग म्हणाली मार्चनंतर, मग फोन उचलेनाशी झाली. तो पुण्याला, चाकणला मुलाखती देऊन येत होता. स्टँडवर बसलेली मंडळी सोडत नसत. "काय इंजिनिअर, आजून हितंच? कंपनीचं बांधकाम चालू हाय व्हय?" तो हसायचा. पुढं पुढं तो स्टँडवरून यायचाच बंद झाला, ओढ्याच्या वाटेनं घरी यायला लागला. फ्लेक्स वाऱ्यानं एका बाजूनं सुटला, तेव्हा कुणीतरी तो कांदा झाकायला घेऊन गेलं. मला वाटलं, सुटलो. पण लोकांच्या तोंडातून तो काही सुटला नाही.

मंचरला शेठचं मोटारी, पाइप आणि ठिबकचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानचं, पण शेठचा जन्म इथला, मराठी आमच्यासारखीच. दादाच्या मळ्यातलं ठिबक त्यांच्याकडचंच. सामान आणायला पुतण्या जायचा आणि दुकानात रेंगाळायचा. उन्हाळ्यात एके दिवशी तो घरी आला, तेव्हा त्याचा चेहरा कितीतरी महिन्यांनी मोकळा दिसत होता. दादा आणि मी ओट्यावर बसलो होतो.

"शेठ म्हणतात, सोमवारपासून या."

"कशाला?" मी विचारलं.

"कामाला. पुढं नारायणगावला शाखा काढायचीय त्यांना. ती मीच बघायची म्हणतात."

दादा एकदम खुलला. "लई ब्येस झालं! जवळ हाय. सांजच्याला घरी भाकर खायला येशील."

"चार वर्षं इंजिनिअरिंग केलं ते पाइपांचे तुकडे विकायला का?" मी म्हणालो.

"तुकडे नाय विकायचे काका. विहीर बघायची, पाणी किती उंच चढवायचंय ते बघायचं, त्यावर मोटर ठरवायची. शेताची मापं घेऊन ठिबक आखून द्यायचं. आम्हाला हेच होतं की शिकायला."

"दुकानात बसणाऱ्याला कुणी इंजिनिअर म्हणत नाही."

"नाय म्हटलं तर नाय म्हटलं."

मग दादा म्हणाला, "मास्तर, काम हाय ना ते? करू दे की."

शिक्षणाच्या बाबतीत दादानं माझ्या विरोधात बोललेलं ते पहिलं वाक्य. ते मला लागलं. पुतण्याच्या भल्याची काळजी होती असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण त्या रात्री झोप लागली नाही ती त्याच्या काळजीनं नव्हे. सोमवारपासून हा काउंटरमागं उभा राहणार, गावातला जो तो तिथं वॉशर घ्यायला जाणार आणि परत येऊन मला सांगणार, "मास्तर, तुमचा इंजिनिअर भेटला." मला तेवढंच दिसत होतं.

सकाळी मी मंचरला गेलो. शेठनी खुर्ची दिली, चहा मागवला. "गुरुजी, पोरगं गुणी आहे तुमचं," म्हणाले.

"त्याच्याबद्दलच आलोय शेठ. त्याला कंपनीचं बोलावणं आलंय. पुढच्या महिन्यात जायचंय. तुम्ही शिकवून तयार करणार आणि तो निघून जाणार. तुमचं नुकसान व्हायला नको."

शेठ गोंधळले. "मी फ्लेक्स पाहिला होता ना, म्हणूनच त्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, कंपनीचं आता काही नाही."

"तुमचं मन मोडवत नाही त्याला."

"मग मी त्याला काय सांगू?"

"जागा भरली म्हणा. मी आलो होतो हे बोलू नका."

शेठनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही शाळेतली माणसं, तुम्ही खोटं कशाला बोलाल?"

मी चहा पूर्ण प्यायलो आणि उठलो.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि जेवायच्या वेळेच्या आत परत आला. दादा आणि मी पाटावर होतो, वहिनी वाढत होत्या.

"जागा भरली म्हणाले."

दादाचा घास हातातच राहिला. "परवा या म्हनत व्हते आन आज भरली? तूच कायतरी बोलला आसशील. न्हाईतर शेठ तसा माणूस न्हाई."

"आबा, मी काही बोललो नाय."

"मग का न्हाई ठेवलं? पाइपाच्या दुकानात बी कोण ठेवून घेईना, ते कसलं रं इंजिनिअर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून दादा त्याच्यावर ओरडला की मी मध्ये पडायचो, ती त्याची सवय होती. मी वहिनींना म्हणालो, "जरा आमटी वाढा."

तो महिनाभर घरात होता. बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. मग तो चाकणला गेला. तिथं त्याला काम लागलं ते ठेकेदाराकडं, मशीनवर माल चढवायचं. ठेकेदार इंजिनिअर झालेली मुलं घेत नव्हता, ती टिकत नाहीत म्हणून. यानं पदवीचं सांगितलंच नाही, बारावी पास एवढंच सांगितलं. हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. ज्या पदवीचा मान राखायला मी मंचरला गेलो होतो, ती त्याला कंपनीच्या गेटवर लपवावी लागली. पुढं काही वर्षांनी तो कायम झाला, लग्न झालं, मुलगी झाली. वाईट चाललंय असं नाही. पण घरी यायचा तो जत्रेला आणि दिवाळीला, तेही पाहुण्यासारखा. दादा गावात "आमचं पोरगं कंपनीत हाय" म्हणायचा आणि पोरगं समोर आलं की बैलांकडे निघून जायचा.

एकदा जत्रेच्या दिवशी त्यानं मला विचारलं, "काका, शेठना माझ्यात काय दिसलं असंल हो? मी अजून विचार करतो. बोलण्यात काही उद्धटपणा वाटला असंल का?"

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. "व्यापारी माणसं ती, सोड," असं मी म्हणालो.

अजूनही लोक मला विचारायला येतात, पोराला कशाला घालू, डिग्री केली तर काम लागंल का. पूर्वी मी लगेच उत्तर द्यायचो. पुतण्याच्या बरोबर शिकलेला एक जण पुण्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. एक खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर अँटेनांच्या देखभालीला आहे. एकानं कोंबड्यांची शेड टाकली. पदवी तिघांचीही तीच. त्यामुळं पदवी फुकट जाते असं मी म्हणणार नाही. पण शिकलेल्या पोराच्या हाताला काम आलं, तर ते त्याच्या पदवीला शोभतं का हे ठरवायला घरातल्या माणसांनी मध्ये पडू नये, एवढं आता मी सांगतो. का सांगतो, ते विचारणाऱ्याला कळत नाही. नारायणगावची शाखा शेठनी काढली. एक डिप्लोमा झालेला मुलगा ती चालवतो. एसटी तिथून जाते तेव्हा मी दुसऱ्या खिडकीकडे बघतो.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. अखेरच्या आजारात पुतण्या रजा काढून आला, त्यानं बापाचं सगळं केलं. तरी दादा वहिनींना म्हणाला होता, "ह्यानं तवा शेठला धरून राहायला पायजे व्हतं. आज घरी आसता." वहिनींनी हे मला सांगितलं, सहज, इतर गोष्टींसारखं.

दशक्रियेला नदीवर माणूस पुष्कळ जमलं होतं. महाराजांचं प्रवचन झालं आणि श्रद्धांजलीला माइक फिरायला लागला. पुतण्या पुढं बसला होता, डोकं भादरलेलं, खांद्यावर ओलं उपरणं. शेठही आले होते. थकले होते, काठी घेऊन खुर्चीत बसले होते. घरचा माणूस म्हणून माइक शेवटी माझ्याकडं आला. मी ठरवून आलो होतो. घाटावर, सगळ्यांसमोर सांगायचं, म्हणजे परत फिरता येणार नाही. मी उभा राहिलो, आणि म्हणालो, "दादानं शेतात घाम गाळून मुलाला इंजिनिअर केलं." लोकांनी माना हलवल्या. पुढं मी शिक्षणाच्या महत्त्वावर बोललो. बोलता येतं मला. शेठ खाली वाळूकडं बघत होते.

पांगापांग झाल्यावर पुतण्या माझ्या पाया पडायला आला. "काका, बरं बोललात," तो म्हणाला. "आबांच्या तोंडून असं कधी ऐकायला मिळालं नाय. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, ती जागा मीच घालवली. घालवली असंल मी. आता काय."

मी त्याचा हात धरला. बराच वेळ धरला असणार, कारण त्यानं विचारलं, "काका, बसता का? पाणी आणू?" मी मान हलवली. तो पाणी आणायला गेला, तेवढ्यात त्याला कुणीतरी पंगतीच्या कामाला हाक मारली.

मला म्हणायचं होतं, पोरा, ती जागा भरलेली नव्हती. मी मंचरला जाऊन शेठना खोटं सांगितलं, आणि तुझ्या बापानं तुला बोल लावला तेव्हा मी जेवत बसलो. तू काही घालवलं नाहीस. मी घालवलं. मला माफ कर.