देव पडला, त्या वर्षी

आमच्या गावच्या बालाजीची पालखी माझ्यामुळे पडली. हे एवढं एक वाक्य मोकळेपणाने बोलायला मला बरीच वर्षं लागली. आजही बोलताना मान आपोआप खाली जाते.

दुसरबीडहून आडवाटेने गेलं की आमचं गाव. गावात तेव्हा वीज नुकतीच आली होती, तीही देवळापुरती. देऊळ लहानसं आणि मूर्ती पंचधातूची, वीतभर उंचीची. दसऱ्याच्या संध्याकाळी देव पालखीत बसून शिलंगणाला निघतो. पालखीचा पुढचा उजवा खांदा आजोबांपासून आमच्या घराकडे. वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला. मिरची-वांग्यांचा मळा मी एकट्याने करत होतो, अंगात रग होती, आणि वर्षातून त्या एका संध्याकाळी सारा गाव माझ्या मागून चालतो, याचं फार मोठेपण वाटायचं. त्यात भक्ती किती आणि ताठा किती, हे निवडून पाहायची वेळ कधी आली नव्हती.

त्या वर्षी नारळाचं पाणी सांडून देवळाच्या पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. शेवटच्या पायरीवर माझा पाय सरकला आणि तिरका अडकला. वरून सगळं ओझं आलं. गुडघ्यात कडकन वाजलं आणि मी आडवा झालो. माझ्या डोळ्यांदेखत पालखी कलली आणि बालाजी फुलांसकट घरंगळत चिखलात गेला. ढोल थांबला. सारा गाव मूर्तीकडे धावला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि खरं सांगतो, त्याचं वाईट वाटलं नाही. कुणी पाहूच नये असं वाटत होतं. पुजारीबुवांनी मूर्ती उचलून उपरण्याने पुसली. मागे कुणी बाई हळूच म्हणाली, "आता गावाचं कसं होईन रे बापा!" गुडघ्याच्या कळेपेक्षा ते शब्द खोल गेले.

गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या लावून पाय बांधला. पाय भोपळ्यासारखा सुजला आणि कातडीवर पाण्याचे फोड आले. मेव्हणा म्हणायचा, बुलढाण्याला नेऊ. मी नकार द्यायचो. देव पाडणाऱ्याचा पाय धड कशाला हवा? बायकोला हे सांगितलं, तर ती कधी नव्हे ती चिडली.

"देवानं सांगतलं का तुमाले असं? का तुमीच त्याच्या वतीनं बोलून राह्यले?"

मी भिंतीकडे तोंड केलं. मग ताप चढला, आणि मला विचारत बसायची गरजच उरली नाही. मेव्हण्याने बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एका ट्रकमध्ये घालून मला बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं.

तिथले हाडांचे डॉक्टर पुण्याकडचे, वयाने माझ्याएवढेच. एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी मला समजावलं. मांडीचं हाड ज्या हाडावर टेकतं, त्या खालच्या हाडाचं वरचं टोक एका बाजूने खचलं होतं. ते तसंच जुळलं असतं तर पाय वाकडा झाला असता आणि गुडघा पुन्हा वाकला नसता.

"अशा वेळी मोठी चीर देऊन गुडघा उघडतात," ते म्हणाले, "पण तुमच्या कातडीची ही दशा. चीर दिली तर ती भरून येणार नाही, आत पू होईल. मी चीर देणार नाही. खालून एक लहान भोक पाडायचं, त्यातून सळई घालून खचलेलं हाड हळूच वर उचलायचं, आणि बाहेरूनच दोन तारा घालून ते तिथं धरून ठेवायचं. दर वेळी फोटो काढून बघावं लागेल. मी अशी शस्त्रक्रिया फार वेळा केलेली नाही. पण तुमच्या पायाला हीच बरी."

मी म्हणालो, "राहू द्या साहेब."

त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "फोड बसेपर्यंत विचार करा" एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

पुढची खाट देऊळघाटच्या एका जवान माणसाची होती. विहिरीच्या कामावर त्याची मांडी मोडली होती, आणि पायाला वजनं टांगून त्याला निजवलं होतं. त्याची म्हातारी आई, गयाबाई, त्याच्याजवळ असायची. काळीसावळी, वाळलेली, पण आवाज साऱ्या वॉर्डाला पुरेल असा. मेव्हणा गावी परतला होता, आणि बायको घरी लेकरांची सोय लावायला मागे राहिली होती, ती अजून आली नव्हती. एका सकाळी मला शौचासाठी भांडं हवं होतं. वॉर्डातला माणूस हाका मारूनही येईना. मी दात आवळून पडून राहिलो. गयाबाईने ते ओळखलं, भांडं आणलं आणि माझ्या कमरेखाली सारलं. नंतर तीच ते घेऊन गेली, धुऊन आली. मी डोळ्यांवर हात घेतला होता. चार माणसांत ज्याच्या खांद्याचा मान, त्याची घाण परकी म्हातारी काढते, ही लाज मला सोसवेना. मला रडू फुटलं.

"काऊन रडतं लेका? लय दुखते का?"

मग मी तिला सगळं सांगितलं. गावात कुणाशी बोललो नव्हतो ते या अनोळखी बाईशी बोललो. पायरी, चिखल, ती घरंगळणारी मूर्ती.

तिने ऐकून घेतलं. "मूर्तीले काई झालं का?"

"नाही."

"मंग?" ती आपल्या लेकाच्या खाटेकडे वळली, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. भुवईच्या वर एक जुना वण होता. "हे पाह्य. तान्हा व्हता तवा माह्या हातून पडला. भारा डोक्यावर, हा कडेले, अन् बांधावरून पाय घसरला माहा. रगत पाहून मीच बेसुद पडली. तरी हा मले मायच म्हणते."

तिचा लेक हसून म्हणाला, "तिले आता साऱ्या दवाखान्याले दाखवू दे तो वण."

मी हसलो नाही. पण फोड बसले आणि डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून 'हो' गेलं. का गेलं, ते मला सांगता येणार नाही.

शस्त्रक्रियेची खोली वेगळ्या इमारतीत होती आणि वाटेत उताराच्या दगडी पायऱ्या. चाकांची गाडी तिथे चालत नसे, स्ट्रेचर हातांवरच न्यावं लागे. त्या दिवशी उचलायला तीनच माणसं होती. चौथ्याची वाट पाहणं चाललं होतं. डॉक्टरांचा निरोप दुसऱ्यांदा आला, तशी गयाबाई पुढे आली. पदर कमरेला खोचला आणि पुढचा उजवा दांडा धरला.

"म्हातारे, तुह्याच्यानं होईन का?" वॉर्डातला माणूस म्हणाला.

"धर तू तुहा. बोलू नको."

मी घाबरून म्हणालो, "माय, नको. पाडशीन मले."

"पाडलं तं पाडलं," ती म्हणाली. "पुन्यांदा उचलीन."

आणि त्यांनी मला उचललं. मी उताणा, वर आभाळ, उन्हाने डोळे दिपलेले. पालखी आतून कशी वाटते ते मला कधी ठाऊक नव्हतं. प्रत्येक पायरीला गयाबाई थांबायची, पाय चाचपून टाकायची. तिचा श्वास मला ऐकू येत होता. एका पायरीवर ती डगमगली, स्ट्रेचर तिच्या बाजूने खाली गेलं. त्या क्षणभरात माझ्या मनात आलं, ही आता पडली आणि मी खाली गेलो, तर हिला मी काय म्हणेन? रागावेन? छे. मी आधी विचारेन, माय, तुला लागलं का?

तिने स्वतःला सावरलं. पण माझ्या आत काहीतरी सुटून गेलं होतं. चिखलात घरंगळताना माझ्या बालाजीनेही मला हेच विचारलं असेल का? तो विचारत होता आणि मी मात्र भिंतीकडे तोंड करून त्याच्या नावाने स्वतःला शिक्षा सुनावत बसलो होतो. त्याला मी रागीट केलं, कोत्या मनाचं केलं. ती लाज पालखी पडल्याच्या लाजेहून मोठी होती.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं. मी जागा होतो. डोळ्यांपुढे हिरवं कापड होतं. पलीकडे सळईवर हलके ठोके पडत होते. मध्येच सगळे थांबत, फोटो धुऊन येईपर्यंत वाट पाहत. दुखत काहीच नव्हतं, तरी आत कुणीतरी खचलेला भाग खालून वर रेटतंय एवढं कळत होतं. त्यातच अगदी कानाशी, हळू आवाजात कुणी विचारलं, "लागलं का रे?"

मी "नाही" म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. विचारलं कोणी ते दिसलं नाही. नर्सबाईंनी विचारलं असेल. डॉक्टरांचाही आवाज असेल. मी कुणाला विचारायला गेलो नाही. कापडापलीकडून डॉक्टर म्हणाले, "आलं, वर आलं. आता धरून ठेवा," आणि मी मनात हात जोडले.

गुडघ्याला टाके पडावेत अशी जखमच झाली नाही. नुसती भोकं, तीही बुजली. तारा यथावकाश निघाल्या. मग गुडघा रोज थोडा थोडा वाकवायचा, कळवळत. पालखी उचलायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली. पुढच्या दसऱ्याला मी काठी घेऊन देवळाच्या पायरीशी उभा होतो. पुजारीबुवा मूर्ती घेऊन बाहेर आले, माझ्यासमोर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाय कसा हाये?" मी मूर्तीपुढे मान वाकवली. पालखी पुढे गेली. आमचा खांदा चुलतभावाने घेतला होता. मी सगळ्यांच्या शेवटी, लेकरं कडेवर घेतलेल्या बायकांच्या मागे, लंगडत चाललो. पालखीमागून चालणारी इतकी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

त्या हिवाळ्यात मळ्यातली वांगी घेऊन मी देऊळघाटला गेलो. गयाबाईचा लेक चालू लागला होता, कामावर गेला होता. म्हातारीने मला ओळखायला थोडा वेळ घेतला. तिच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. माझा देव त्या घरात नव्हता, आणि तरी तो मला तिथूनच परत मिळाला होता. मी तिला पायऱ्यांवरची ती गोष्ट सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "दुसरं कोनी नव्हतं म्हून धरलं लेका. त्याचं काय एवढं?" आणि चुलीशी वळली. "बस, जेवून जा."

बसायला बाज होती. मी जमिनीवर बसलो. हळूहळू, भिंत धरून, पण मांडी घालून. तिने ताटलीत भाकरी आणि झुणका वाढला, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि "वाकते की!" म्हणून लहान पोरीसारखी टाळी वाजवली.

जेवण झालं आणि उठायला गेलो तर गुडघा धरला. मी जमिनीवर हात टेकला, पुन्हा जोर केला, जमेना. म्हातारीने उष्टी ताटली बाजूला ठेवली आणि वाकून आपला हात पुढे केला. मला लाज वाटली. तरी मी तो हात धरला आणि उठलो.