बंड्यांच्या तळावरचे मास्तर

गणपत दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. गणपत म्हणजे आमच्या पाठशाळेतला विद्यार्थी, मास्तरांबरोबर अकोल्याला गेलेला. तो एकटाच दिसला म्हणून मी विचारलं, "मास्तर मागून येतायत का रे?" तो उंबऱ्याबाहेरच खाली बसला आणि डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं... मी शेंगा सोलतच राहिले. हात थांबवले असते तर त्याला बोलावं लागलं असतं, आणि त्यानं बोलू नये असं मला वाटत होतं. सूप भरलं. मग मीच म्हणाले, "कुठे ठेवलं त्यांना?" तो म्हणाला, "तिथंच, अकोल्याले माती देली. थांबता नाई आलं, बाई. पटकी होती."

मास्तर म्हणजे माझे यजमान, यादवराव. लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा सगळेच त्यांना मास्तर म्हणत, मग मीही तेच म्हणू लागले. ते ख्रिस्ती धर्माचे उपदेशक होते आणि गावोगाव जाऊन उपदेश करू पाहणाऱ्या तरुणांना शिकवतही होते. आमच्या घराच्या पडवीला लागून एक लांबट खोली आहे, तीच ती पाठशाळा. सकाळी तिथे शास्त्राचा पाठ, दुपारनंतर कापसाच्या बाजारात उपदेश, आणि आठवड्याच्या शेवटी कुठल्या तरी गावाची वाट. या मासिकाच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी त्यांना ऐकलं असेल. संपादकांनी मला लिहायला सांगितलं ते म्हणूनच. पण ज्यांनी त्यांना नुसतं ऐकलं, त्यांना एक गोष्ट ठाऊक नसणार. ती मला सांगायची आहे.

मास्तरांना लोकांसमोर बोलायची फार भीती वाटायची. ऐकणाऱ्याला वाटे की या माणसाला बोलणं किती सहज येतं. गोष्ट सांगत, मध्येच कुणाची थट्टा करत, अगदी ओसरीवर बसल्यासारखे बोलत. वर्गात पुस्तकातली भाषा, बाजारात पक्की वऱ्हाडी. पण बाजाराला निघण्याआधी त्यांना भाकरीचा तुकडा गिळवत नसे. हात गार पडत. पाठशाळेच्या खोलीत जाऊन दार लोटून घेत आणि मला पडवीत ऐकू यायचं, "आज मला काहीही सुचत नाही. तू पाठवतोयस, तर तूच बघ." एवढीच प्रार्थना. कधी कधी याहूनही लहान. मग बाहेर येऊन तोंड धुवत, आणि निघत. मी एकदा म्हणाले, "इतकी वर्षं झाली, अजून सवय कशी होत नाही तुम्हाला?" तर म्हणाले, "सवय झाली की मी एकटाच जायला लागेन गं." मला ते तेव्हा नीट कळलं नाही. आता थोडंथोडं कळतंय...

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपलेली, आणि तिकडचा कापूस बंद झाल्यावर विलायतेला आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली होती. आगगाडी अजून अमरावतीपर्यंत आली नव्हती, त्यामुळे सगळा कापूस बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, अकोल्याच्या बाजूला जायचा. रस्त्यावर बंड्यांची रांग लागली की पलीकडे जाणं मुश्कील. मुक्कामाला त्या गावाबाहेरच्या तळावर थांबत. झाडाझुडपांवर कापूस अडकून बाभळीसुद्धा पांढऱ्या दिसायच्या. ज्याला चार अक्षरं लिहिता येत त्याला व्यापारी घरी येऊन बोलावून नेत. आमची पाठशाळा तशीच रिकामी होत गेली. महादू नावाचा सगळ्यांत हुशार मुलगा, ज्याच्यावर मास्तरांचा फार जीव होता, तो एका सकाळी नमस्कार करायला आला. काट्यावर कापूस मोजून घ्यायचं काम त्याला मिळालं होतं. तो मान खाली घालून उभा होता. मास्तर त्याच्याबरोबर वेशीपर्यंत गेले. परत आल्यावर मी विचारलं, "रागावलात का?" म्हणाले, "रागावू कशाला? त्याला म्हटलं, काट्याकडे बघतोस तसा कापूसवाल्याच्या तोंडाकडेही बघत जा. एवढं केलंस तर इथं शिकलास ते फुकट नाही गेलं." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेवटी वर्गात दोघेच उरले. गणपत आणि लक्ष्मण. मास्तर त्या दोघांना शिकवत ते भरल्या वर्गाला शिकवावं तसं, उभं राहून, आवाज चढवून. मी आत स्वयंपाक करताना ऐकायची आणि मला हसू यायचं. त्याच सुमारास आमचे पाद्रीसाहेब घरी आले. मास्तरांची छाती तेव्हा वरचेवर कफानं भरत असे आणि साहेबांना ते दिसत होतं. चांगला माणूस. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "यादवराव, तुमचं शरीर एक आहे. शिकवा, नाहीतर फिरा. दोन्ही होणार नाही." मास्तर म्हणाले, "साहेब, बंड्यांच्या तळावर लोक काय विचारतात ते ऐकलं नाही तर वर्गात मी काय शिकवू? आणि वर्गात वाचलं नाही तर तळावर काय सांगू? मला दोन कामं दिसतच नाहीत." साहेब म्हणाले, "आणि तब्येत?" मास्तर म्हणाले, "ती ज्यानं दिली त्याला माहीत आहे." माझ्यानं राहवलं नाही. मी आतूनच म्हणाले, "त्याला माहीत आहे, पण काढा मला करावा लागतो." साहेब मोठ्यानं हसले, मास्तरही हसले, आणि तो विषय तिथेच राहिला. पुढच्या आठवड्यापासून एवढंच झालं की शनिवारी वर्ग खोलीत न भरता बंड्यांच्या तळावर भरू लागला. दोघे विद्यार्थी बरोबर जात. बैल सोडून, चुली मांडून गाडीवान बसलेले असत, त्यांच्यात जाऊन बसायचं.

अशाच एका शनिवारची गोष्ट. आमची तारा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आमची एकुलती एक मुलगी, नुकती बोलायला लागलेली. तापानं गेली. त्या दिवशी मास्तर तळावर बोलले, आणि बोलणं संपल्यावर तिवशाकडचा एक म्हातारा गाडीवान, सुदामा नाव त्याचं, बैलाला कडबा घालता घालता म्हणाला, "तुमाले लेकरं किती, मास्तर?"

"एक होती," मास्तर म्हणाले. "तारा."

"होती म्हन्जे?"

"गेली."

सुदामानं हातातला कडबा खाली ठेवला. "तुमी आता सांगून राहिले का देव बापावानी संभायते. मंग तुमची पोरगी त्यानं काहून नेली? तुमी तं त्याचेच मानसं ना?"

गणपत आणि लक्ष्मण वाट बघत राहिले. मास्तरांकडे अशा प्रश्नाला उत्तर असणार याची दोघांना खात्री होती. वर्गात तो पाठ झालेला होता. पण मास्तर सुदामाच्या चुलीजवळ जाऊन खाली बसले. म्हणाले, "मले नाई मालूम, बाबा." सुदामानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि फडक्यातली भाकर काढून अर्धी त्यांच्यापुढे केली. म्हणाला, "माहा बी गेला. मोठा होता, बंडी हाकाले लागला होता." दोघांनी ती भाकर खाल्ली. त्या दिवशी उपदेश तेवढाच झाला.

हे मला घरी येऊन मास्तरांनीच सांगितलं, आणि मी भडकले. "माझ्या लेकीचं नाव बैलांच्या गर्दीत कशाला काढलंत? तिच्यावर उपदेश करायचा होता का?" ते म्हणाले, "त्यानं विचारलं. मुलं किती, असं विचारलं तर तारा नव्हतीच असं कसं म्हणू, सरू?" माझा राग मात्र गेला नाही. मी तळाकडे कधी फिरकणार नाही असं मनाशी ठरवून टाकलं. सोमवारी वर्गात त्यांनी जो पाठ सुरू केला तो मी भिंतीपलीकडून ऐकला. आवाज चढवला नव्हता. "शनिवारी मला उत्तर आलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला येईल अशा भ्रमात राहू नका. पण उत्तर नाही म्हणून उठून यायचं नाही. बसायचं. आपल्याला पाठवणारा तिथं आधीच बसलेला असतो, त्याच्या शेजारी जागा करून बसायचं." लक्ष्मणनं विचारलं, "आणि लोक म्हणाले, तुमच्याजवळ काहीच नाही, तर?" मास्तर म्हणाले, "खरंच आहे ते. आपल्याजवळ काही नाही. म्हणून तर रोज मागावं लागतं."

अकोल्याला ते गेले ते कापसाच्या भर हंगामात. तिथल्या तळावर बोलायचं आणि लगेच परतायचं, असं ठरलं होतं. लक्ष्मणला वर्गाचा पाठ देऊन ठेवला, गणपतला बरोबर घेतलं. निघताना नेहमीसारखेच गार हात. मी शाल दिली तर म्हणाले, "बंडीत कापसाच्या उबेत बसणार आहे, शाल कशाला?" आणि तरी घेतली. तिथे पोचले तर तळावर पटकी सुरू झालेली. बंड्या सोडून लोक पळत होते, आजारी माणसं चाकांच्या आडोशाला तशीच पडलेली. गणपत सांगतो की मास्तर क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "आज बोलायचं नाही, बरं झालं." नेहमीची भीती नाही, असं त्यानं त्यांना फक्त त्याच दिवशी पाहिलं. मग दोघांनी पाणी उकळलं, पेज केली, माणसांना स्वच्छ केलं. कुणी कुठल्या जातीचं, कुठल्या देवाचं, हे विचारायला कुणाला वेळच नव्हता. "तुमी जा," असं गणपतनं त्यांना पुन्हापुन्हा म्हटलं. ते म्हणायचे, "हे एवढं पातेलं संपू दे."

ते स्वतः आडवे झाले तेव्हा शुद्धीवर होते. माझ्यासाठी काही सांगितलं का, असं मी गणपतला विचारलं. तो म्हणाला, "बाईले सांग म्हणाले, शाल कामी आली." मग थोड्या वेळानं त्यांनी त्यालाच विचारलं, "गुरुवारचा पाठ तयार आहे का रे तुझा?" गणपत म्हणाला, हो. पाठ तयार नव्हता. हे मला सांगताना तो इतका रडला की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. हंगाम संपल्यावर बाहेरगावाहून नवे मास्तर येणार आहेत. तोवर गणपत आणि लक्ष्मण आपसांतच पाठ करतात. खोली मी झाडून ठेवते. मागच्या शनिवारी गणपत दारात आला आणि घुटमळला. म्हणाला, "बाई, तळावर बंड्यांबरोबर बाया आल्यात. आमी बोलतो तं त्या पदर घेऊन दूर होतात. तुमी येता का?" मला नाही म्हणायचं होतं. भाकरी गिळेना, हात गार पडले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी निघाले आहे.

बाया चुलीपाशी होत्या. मी जाऊन बसले. काय बोलावं ते सुचेना. एकीनं विचारलं, "तुमी कोनाच्या वं, माय?" मी म्हणाले, "मास्तरांची." त्या सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग एक म्हातारी जवळ सरकली. म्हणाली, "अकोल्याले माह्या लेकाले पेज पाजे, ते मास्तर? जगला ना वं तो! थो पाय, तिकडं बैलायले पानी पाजून राहिला." मी वळून पाहिलं. तरणा पोर, उघडा, बैलांशी काहीतरी बडबडत होता. मी खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले. म्हातारीनं माझा हात धरून ठेवला होता.

परत येताना माझ्या पायांना घाई झाली होती. वाटभर मनात जुळवत आले. म्हातारी काय म्हणाली, तिचा लेक कसा दिसत होता, मला कशी भीती वाटली आणि मग कशी गेली... हे सगळं क्रमानं सांगायचं, मध्ये त्यांना बोलू द्यायचं नाही. दार ढकलून मी सरळ पाठशाळेच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, "ऐकलंत का..."

खोलीत संध्याकाळचं ऊन होतं. भिंतीजवळ दोघा विद्यार्थ्यांचे पाट मांडलेले. मी थोडा वेळ उभी राहिले. मग एक पाट ओढून घेतला, बसले, आणि सगळं सांगितलं.