मस्यू एलोईची शाळा, व्हाया गारगोटी

आमच्या गल्लीत पहिला रंगीत टी.व्ही. आला त्या हिवाळ्यात मी पुण्याहून कोल्हापूरला गेले, आणि तेही दुसऱ्याचं तोंड म्हणून. दुभाष्याचं काम दुसरं काय असतं? मी पुण्यात फ्रेंच शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांना फ्रान्सचं प्रेम असतं असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. त्यांना संस्कृत जमत नाही, एवढंच. त्यामुळे फ्रेंच बोलणारा जिवंत माणूस दारात उभा राहिला तेव्हा मी आधी घाबरलेच.

त्याचं नाव एलोई, फ्रेंच रीतीने मस्यू, म्हणजे श्रीयुत एलोई. काळासावळा, कुरळ्या केसांचा, दणकट. न्यू कॅलेडोनिया म्हणून पॅसिफिक महासागरात फ्रेंचांच्या ताब्यातलं एक बेट आहे, तिथला मूळ रहिवासी (या लोकांना कानाक म्हणतात), पेशाने प्राथमिक शिक्षक. सहकाराच्या कसल्याशा वर्गाला पुण्यात आला होता. तिथे कुणीतरी त्याला गारगोटीपुढच्या एका गावातल्या मराठी शाळेचं कौतुक सांगितलं, आणि ती बघायला त्याला दुभाषी हवी होती. निघण्याआधी आमच्याकडे चहा झाला. चिरंजीव गळ्यात टाय बांधून रिक्षाची वाट बघत होते आणि बर्फावरची इंग्रजी कविता घोकत होते.

"आमच्याही पुस्तकात बर्फ होता," एलोई हसून म्हणाला. "बेटावर तो कुणी पाहिलेला नाही."

"आमच्याकडे फ्रिजमध्ये असतो," मी म्हटलं, आणि आपण फार चतुर आहोत अशा समाधानात स्वारगेटला पोचले.

एस.टी.त त्याने सगळं सांगितलं. शाळेत त्याला शिकवलं होतं की त्याचे पूर्वज पिंगट केसांचे होते आणि फ्रान्सच्या जंगलात राहत होते. घरी येऊन त्याने आजोबांच्या डोक्याकडे नीट बघून घेतलं. आता त्याच्या वस्तीला स्वतःची शाळा काढायची होती. आजीची भाषा, रताळ्यासारख्या कंदाची शेती, आणि सोबत फ्रेंच, असं सगळं एकत्र. गावच्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं, ज्यांनी गोऱ्या साहेबाला घालवलं ते लोक मुलांना कसं शिकवतात ते बघून ये. तू हो म्हणालास तर शाळा काढू, आणि पहिल्या दिवशी तुझीच मुलगी तिथे बसेल.

मुलगी सहा वर्षांची होती. नाव मारी. "मी चुकलो," तो म्हणाला, "तर ती ना इकडची राहील ना तिकडची."

"पण तुमचा देश अजून झालाय कुठे?"

"नाही. म्हणून आधी शाळा."

आमच्याकडे उलटं झालं. देश आधी झाला, शाळेचं बघू म्हणालो, ते अजून बघतोच आहोत. हे मी मनात म्हटलं. परक्या माणसासमोर घरची लक्तरं कशाला?

कोल्हापूरला पोचलो आणि खाणावळीत शिरलो. वाढप्याने एलोईला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "पावणं, तिखट चालतंय न्हवं?" कोल्हापुरात असा प्रश्न विचारतात तेव्हा उत्तराची वाट बघत नाहीत. तांबडा रस्सा आला, पांढरा आला. पांढऱ्यात नारळाचं दूध आहे म्हटल्यावर एलोईचे डोळे चमकले, त्यांच्याकडे सणाला असंच करतात म्हणे. त्याने वाटीमागून वाटी रिचवली. मी तांब्यामागून तांब्या. "तुमच्या बाईंस्नी गोडं वरण दिऊ काय?" वाढप्याने त्यालाच विचारलं, आणि ते मलाच भाषांतरित करावं लागलं!

दुसऱ्या दिवशी गारगोटीची एस.टी. धरली. बिद्रीच्या साखर कारखान्याच्या अलीकडे उसाच्या गाड्यांची ही रांग. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि शांतपणे खाली उतरून एक ऊस ओढून घेतला. मग अख्खी एस.टी. उतरली. मळीचा वास असा की पदर नाकाला लावावा तर पदरालाच वास. एलोई बांधावर बसून ऊस सोलत होता, जणू जन्मापासून बिद्रीतच होता. गारगोटीच्या पुढच्या त्या गावात पोचायला आम्हाला चांगलाच उशीर झाला. गावाचं नाव सांगत नाही, पुढे का ते कळेल.

उशिराची कुणाला खंत नव्हती, कारण सत्कार तयार होता. फेटा, शाल, नारळ, हार, आणि माइक. मला सत्कारांचा मनस्वी कंटाळा आहे. पुण्यात तर सत्कारमूर्तीपेक्षा नारळच जास्त वेळा स्टेजवर जातो. पण एलोई हरखून गेला. त्यांच्याकडेही रीत आहे: परगावी गेलं की आधी कापड पुढे ठेवायचं, मान खाली घालून पूर्वजांची नावं घ्यायची, आणि यजमानाने ते स्वीकारलं की मगच माणूस गावात आला असं धरतात. तोवर तो वेशीबाहेर. त्याने पिशवीतून फुलाफुलांचं कापड काढून मांडीवर ठेवलं होतं. "पॅरिसमध्ये हे कुणालाच कळलं नाही," तो कुजबुजला. "इथे माणसं आहेत."

संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब उठले. मातृभाषा म्हणजे आईचं दूध, या विषयावर ते इतकं बोलले की तेवढ्यात दूध नासलं असतं. मी त्याची दोन वाक्यं केली.

"एवढंच?" एलोईने विचारलं.

"बाकी तेच, पुन्हा पुन्हा."

कापड द्यायची वेळच आली नाही, नानांना दुसऱ्या गावच्या सत्काराला जायचं होतं. तेव्हा एलोईने घाईने एक प्रश्न विचारला. मी त्याला भरपूर तूपसाखर लावून पुढे सरकवला: नानासाहेबांचे नातू या शाळेत कितवीत आहेत?

"नातू व्हय?" नाना मोकळेपणाने म्हणाले. "त्यो पाचगणीला. इंग्लिस मीडियम. लई हुशार हाय!"

एलोईने हेडमास्तरांना विचारलं. त्यांची दोन्ही मुलं कोल्हापुरात, इंग्रजीत. चिटणीस म्हणाले, "आमचं ल्हान हाय अजून." मागून कुणीतरी ओरडलं, "ल्हान न्हाय, तिकडं जागा गावली न्हाय!" मांडव हसला. मीही हसले. एलोईला कारण सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याने कापडाची घडी घालून पिशवीत ठेवून दिली. तीन बसेस बदलून, धूळ खाऊन, हेच दाखवायला आणलं का मी या माणसाला?

नाना गेल्यावर आम्हाला वर्ग दाखवायचं ठरलं. चौथीच्या वर्गात शेख बाई होत्या. उंच, आवाज असा की शेजारचा वर्गही त्यावरच चालत असावा. गावात दुधाचा धंदा करणारं त्यांचं घर. एलोईने तोच प्रश्न विचारला, आता जरा थकल्यासारखा.

"ती काय," बाईंनी खडूनेच दाखवलं. "तिसरा बाक. शमीम, हुबी ऱ्हा गं."

एक किडकिडीत मुलगी उभी राहिली आणि रागाने छताकडे बघू लागली.

"तिला इथे आवडतं?"

"कुटलं आवडतंय! रोज रडती. मैतरणी कोल्हापूरला गेल्या, टाय घालून फिरत्यात. आजी म्हणती उर्दू शिकव, बाप म्हणतोय इंग्रजी. मी कुणाचंच ऐकत न्हाय."

"मग इथे का ठेवलीत?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्न मीच विचारला होता. "म्या शिकवतो ती शाळा हाय ही." (कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात.) "माझी काढली तर बाकीच्या आया आपल्या पोरी का ठिवतील? आणि खरं सांगू काय? पोटची पोर म्होरं बसली की टिवल्याबावल्या करता येत न्हाईत. नीट शिकवावंच लागतंय. इंग्रजीबी शिकवतो मी, माझं मोडकंतोडकं. तुमची पोरगी कुटं बसणार हाय?"

हे मी शब्दाला शब्द सांगितलं. तूपसाखर लावली नाही.

एलोईने पिशवी उघडली. मग त्याने कापड काढून बाईंच्या टेबलावर, खडूच्या डबीशेजारी ठेवलं, मान खाली घातली आणि फ्रेंच नव्हे, आपल्या भाषेत बोलू लागला. त्यातलं मला अक्षर कळलं नाही. अख्खा वर्ग मात्र गप्प बसून ऐकत होता. बाईंनी कापडाला हात लावला, डोक्याला लावलं, आणि शमीमला घरी पिटाळून गुळाची भेली आणवली. "रिकाम्या हातानं लावून द्यायची पद्दत न्हाय आमच्यात," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे आमचा पाहुणा गावात आला.

दुसऱ्या सकाळी परतीच्या एस.टी.त भेली त्याच्या मांडीवर होती. कऱ्हाडला त्याने ती नीट बांधून घेतली. मग म्हणाला, "मारी रडेल. पहिल्या बाकावर बसून रडेल. मी शिकवेन." खिडकीबाहेर बघत त्याने डोळे पुसले, आणि मलाही भरून आलं, ते धुळीमुळे असं मी त्याला सांगितलं.

साताऱ्यापासून मी मनात उत्तर तयार करत होते. आमच्या भागात चांगली मराठी शाळा जवळ नाही. ह्यांची बदलीची नोकरी. शिवाय घरी आम्ही मराठीच बोलतो. फ्रेंचमध्ये तर ते फारच सुरेख जमलं होतं. काल दिवसभर त्याने भेटेल त्याला तो प्रश्न विचारला होता, आता माझी पाळी येणारच.

घरी पोचलो. चिरंजीव नुकतेच शाळेतून आले होते, टाय अजून गळ्यातच. एलोईने गूळ फोडून पहिला खडा चिरंजीवांच्या हातावर ठेवला, माझे आभार मानले आणि निघाला. मला त्याने काही विचारलं नाही. टाय त्याने कोल्हापूरला जातानाच पाहिला होता.