फणसाचा पैलतीर

मोरजीच्या माझ्या घरातल्या दोन खोल्या मी पर्यटकांना देतो. गेल्या मे महिन्यात तिथे उतरलेल्या एका जपानी बाईंना झाडावरचा फणस पाहायचा होता, म्हणून त्यांना पार्स्याला बाबांकडे घेऊन गेलो. बाबा पंचाहत्तरीचे. पण पाहुणी आल्यावर ते गप्प बसतात कुठले? कोयता घेऊन चढलेसुद्धा.

रसाळ फणस वरून टाकत नाहीत, फुटतो. देठाला दोर बांधायचा, तो वरच्या फांदीवरून घ्यायचा आणि खालच्या माणसाने दुसरं टोक धरून फणस हळूहळू उतरवायचा. खालचा माणूस नेहमी मी. पण मागच्या वर्षी माझ्या हातून दोर सुटला होता. म्हणून या खेपेस बाबांनी ते टोक स्वतःच्याच कमरेला बांधलं. वरूनच हाताने दोर सोडतो म्हणाले. मी नको म्हटलं, तर भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून मला उडवून लावलं.

बाईंचं लक्ष फणसाकडे. त्या कौतुकाने सांगत होत्या, की याला जपानीत 'परामित्सु' म्हणतात आणि चिनी भाषेत 'पोलोमी'. दोन्हींचं मूळ म्हणे आपल्याच 'पारमिता'त. भिक्षूंनी तो शब्द तिकडे नेला. पारमिता म्हणजे पैलतीराला पोचणं. एरवी मी अभिमानाने फुगलो असतो. पण बाबा वीसेक फुटांवर आणि ही बाई पैलतीराच्या गोष्टी करतेय!

कोयत्याचा घाव बसला. फणस बाबांच्या अंदाजापेक्षा जड निघाला. दोर त्यांच्या हातातून सरसरत गेला, कमरेला हिसका बसला आणि पाय फांदीवरून निसटला. त्यांनी खोडाला मिठी मारली. फणस माझ्या डोक्याच्या उंचीवर लोंबकळत त्यांना ओढत होता. मी धावलो, काट्यांसकट त्याला कवटाळलं आणि जमेल तेवढा वर उचलला. दोर सैल पडला.

वरून हळू आवाज आला, "सोडू नको रे. माका भंय दिसता."

भीती वाटते, हे शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. माझ्या मानेवरून चीक ओघळत होता. एका हाताने गाठ सोडवून बाबा कधी उतरले ते कळलं नाही. शेजारी उभे राहून फणस खाली ठेव म्हणाले, तरी मला ठेवता येईना. शेवटी त्यांनीच माझी बोटं एकेक करून सोडवली.