डोळा न मिटता हसणं

“मॅडम, मी डोळा मारला नाही. अल्लाकसम, नाही मारला.”

रशीदभाई क्लिनिकच्या खुर्चीत अगदी कडेवर बसले होते. वय चोपन्न. नवी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात तीस वर्षं सेल्समन. आदल्या दिवशी शेठनी त्यांना काउंटरवरून उठवून वरच्या मजल्यावरच्या गोडाऊनमध्ये साड्यांच्या घड्या घालायला बसवलं होतं. एकाच आठवड्यात दोन बायकांनी तक्रार केली होती. तक्रार एकच: तुमचा माणूस हसतो आणि डोळा मारतो.

“हसून दाखवा,” मी म्हटलं.

ते हसले. तोंडाची उजवी बाजू वर गेली आणि त्याच क्षणी उजवा डोळा मिटला. समोर बसून बघताना ते डोळा मारणंच वाटत होतं. मी फाइल उघडली. फाइलमध्ये माझ्याच अक्षरात चार वेळा ‘गुड’ लिहिलेलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बहुतेक दिवस गुडघे, कंबर आणि खांदे यांतच जातात. चेहऱ्याचे पेशंट कमी येतात. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी रशीदभाईंच्या तोंडाच्या कोपऱ्यातून चहा सांडायला लागला. आरशात बघितलं तर उजवा गाल लोंबतोय, उजवा डोळा मिटत नाही. घरच्यांना वाटलं पॅरॅलिसिसचा झटका आला. डॉक्टरांनी तपासून बेल्स पाल्सी सांगितलं. म्हणजे मेंदू ठीक आहे, पण कानामागून चेहऱ्याकडे येणारी नस सुजली आहे. आपल्याकडे याला ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डोळ्यात टाकायला थेंब दिले आणि पुढच्या व्यायामासाठी आमच्याकडे पाठवलं.

मी त्यांना आमचा छापील कागद दिला. भुवया उचला, गाल फुगवा, जमेल तेवढं मोठं हसा. प्रत्येक हालचाल दहा वेळा, दिवसातून तीनदा.

“तुम्ही किती वेळा करत होता?” मी आता विचारलं.

“दोनशे.”

“दिवसाला?”

“सकाळी दोनशे. संध्याकाळी पण दोनशे. तुमी म्हनल्या की, छान होतंय. म्हनलं, लवकर बरं व्हावं. लग्नसराई तोंडावर आलीये.”

मी तसं म्हटलं होतं, हे खरं. दर महिन्याच्या तपासणीला हसू मोठं होत होतं आणि दर वेळी मी खूश होत होते. डोळ्याकडे माझं लक्ष नव्हतं. डोळा नीट मिटायला लागला, हीच मला प्रगती वाटत होती. तो कधी मिटतोय, हे मी बघितलंच नाही.

झालं होतं ते असं. ही नस एक असली तरी तिच्या फांद्या अनेक आहेत. एक कपाळाला जाते, एक डोळ्याला, एक गालाला, एक ओठांना. नस दुखावली की आतले धागे पुन्हा वाढतात, पण प्रत्येक धागा आपल्या जुन्या जागी पोचेलच असं नाही. ओठांकडे निघालेला धागा डोळ्याला जाऊन चिकटतो. मग ओठांना हुकूम दिला की डोळाही ऐकतो. याला सिंकायनेसिस म्हणतात. जोर लावून मोठमोठ्या हालचाली केल्या की ही चुकीची जोडी आणखी पक्की होते.

मी हे सांगत असताना रशीदभाई शांतपणे ऐकत होते. त्यांचे वडील कापड विणायच्या मागावर कामाला होते.

“म्हणजे ताण्यातला धागा तुटला,” ते म्हणाले, “आणि सांधताना शेजारच्या धाग्याला गाठ बसली.”

“हो. तसंच.”

“मग सोडवायची कशी?”

“गाठ सुटत नाही. पण हळू ओढलं तर शेजारचा धागा हलत नाही.”

मग ते म्हणाले, “गोडाऊनमधली जागा तशी कायमची नसते, मॅडम. तिथं बसलेला माणूस पुढच्या दिवाळीला दिसत नाही.”

संध्याकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. क्लिनिक सरांचं आहे. त्यांच्यासमोर माझी वाक्यं नेहमी निम्मीच बाहेर येतात, म्हणून मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते.

“सर, रशीदभाईंची एक्सरसाइझ शीट बदलावी लागेल.”

“का? चेहऱ्याच्या हालचालीचा ग्रेड सुधारलाय की त्यांचा.”

“ग्रेड सुधारलाय. पण नोकरी जातेय.”

सरांनी चष्मा काढला. मी रशीदभाईंच्या हसण्याचा क्लिनिकमध्ये काढलेला व्हिडिओ मोबाइलवर दाखवला आणि दोनशेचा आकडा सांगितला. सरांनी तो दोनदा बघितला.

“शीटमध्ये दहाच लिहिलंय.”

“हो सर. पण ‘जमेल तेवढं मोठं’ असंही लिहिलंय. आणि मी ‘गुड’ म्हणत होते.”

“हं. आता काय करणार?”

“छोट्या हालचाली. आरशात बघून, हळू. डोळा ओढला जायच्या आधी थांबायचं.”

“कर. आणि फाइलमध्ये खरं काय ते लिही.” एवढंच म्हणून त्यांनी चष्मा लावला.

दोन आठवडे आम्ही ते केलं आणि काहीही झालं नाही. आरसा समोर ठेवला की रशीदभाईंचा चेहरा ड्युटीवर जायचा. मी ‘थोडंसंच हसा’ म्हटलं की ते थोडंसं हसायचे नाहीत, थोडंसं हसण्याचं काम करायचे. कपाळावर घाम, मान ताठ, आणि डोळा मिटलेलाच.

हे कॉलेजमध्ये शिकवलेलं असतं. सांगून केलेलं हसू आणि आपोआप आलेलं हसू मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणाहून निघतं. नस दोघांची एकच, पण निघण्याची जागा वेगळी. फोटोग्राफर ‘हसा’ म्हणाला की आपण सगळे कसे दिसतो, हे प्रत्येकाच्या घरातल्या अल्बममध्ये आहे. मी पेपरात याचं उत्तर लिहून चांगले मार्क मिळवले होते. तरीही दोन आठवडे मी एका माणसाला फोटोग्राफरसारखी ‘हसा’ म्हणत होते.

मग मी दुकानात जायचं ठरवलं. पेशंटच्या कामाच्या जागी जाणं आमच्याकडे पद्धतीत नाही. नवी पेठेत गर्दीची वेळ टाळून मी दुपारी गेले. शेठ गल्ल्यावर होते. मी ओळख सांगितली.

“रशीद चांगला माणूस आहे, मॅडम,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “मला माहीत आहे आजार आहे म्हणून. पण गिऱ्हाईक बायकांचं. प्रत्येकीला मी डॉक्टरची चिठ्ठी दाखवू का?”

मी रशीदभाईंना भेटायचंय म्हटलं. त्यांनी जिन्याकडे हात केला.

वर गोडाऊनमध्ये रशीदभाई गठ्ठ्यांमध्ये बसले होते. मला बघून ते उठले, बसायला स्टूल दिलं आणि लगेच कपाट उघडलं. “आलाच आहात तर बघा. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.”

त्यांनी एक राखाडी साडी काढली. मी नको म्हणायच्या आत ती उलगडून पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला. साडीचे सेल्समन असंच दाखवतात. मिशी, शर्ट, खिशाला पेन आणि त्यावर जरीचा पदर. कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही.

“बाईला साडी आवडली, हे कसं कळतं, सांगू?” पदर सारखा करत ते म्हणाले. “तुमाला वाटंल, ती हसती. उलटं. आवडली की ती तोंड पाडती. आवडलेली दिसली तर भाव कमी होत नाही ना! जिला आवडत नाही ती ‘छान आहे हो, छान आहे’ म्हनती. आवडली ती गप. दुसऱ्या साडीकडं बघती, पण हात पहिलीच्या काठावर.”

“आणि तुम्ही?”

“मी बी साडीकडंच बघायचं. बाईच्या तोंडाकडं टक लावायची नाही. हात बघायचा.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमचं तोंड, मॅडम, कायम आवडलेल्या साडीसमोरच्या बाईसारखं असतं. काय चाललंय, पत्ता लागत नाही.”

आणि ते हसले. लहान, तिरकं, आपल्याच बोलण्यावर खूश झालेलं हसू. उजवी बाजू डावीच्या जराशी मागून आली. डोळा उघडा होता.

मी विचारून मोबाइल काढला. “साडी दाखवत राहा. मला दुसरी दाखवा. आईसाठी.”

वीस मिनिटांत त्यांनी सात साड्या दाखवल्या. मग त्याच स्टूलवर बसून मी त्यांना दोन व्हिडिओ दाखवले, क्लिनिकमधला आणि आत्ताचा. ते दुसऱ्यातल्या स्वतःकडे बघत राहिले.

“हा तर जुना रशीद आहे.”

“याच मापाचं हसायचं. याच्यापुढं नाही.”

“पण हे तर मी करतच नाही, मॅडम. हे होतंय.”

“म्हणून व्यायाम साडी हातात घेऊन करायचा.”

तेव्हापासून घरी त्यांची बायको, नसीमभाभी, गिऱ्हाईक झाल्या. रशीदभाई पदर खांद्यावर टाकायचे, बोलायचे आणि आरसा भाभींच्या मागे भिंतीला टेकवलेला. डोळा ओढल्यासारखा वाटला की थांबायचं, गाल हाताने सैल करायचा, पुन्हा सुरू. भाभी क्लिनिकमध्ये येऊन म्हणाल्या, “चाळीस साड्या दाखवल्या मला. दिली एक पण नाही.”

दोन महिन्यांत बोलताना आणि हळू हसताना डोळा जवळपास उघडा राहायला लागला. खळखळून हसले किंवा दमले की मिटायचाच. मी फाइलमध्ये तेही लिहिलं. रशीदभाईंना काउंटरवर परत घ्या, म्हणून शेठना फोन केला. फोन करायच्या आधी वाक्यं कागदावर लिहिली होती, ती या वेळी पूर्ण बोलले.

“रविवारी माढ्याहून एक बस्ता आहे,” शेठ म्हणाले. “तीन सेल्समन लागतील. दोनच आहेत. बसवतो त्याला. पण मॅडम, एक जरी तक्रार आली तर मला पुन्हा सांगू नका.”

बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची एकत्र खरेदी. नवरीच्या शालूपासून लांबच्या मावशीच्या साडीपर्यंत सगळं एका बैठकीत. गाडी करून पंचवीस माणसं येतात, गादीवर बसतात आणि चार-पाच तास उठत नाहीत. चार-पाच तास हसायचं, म्हणजे दमल्यावर काय होणार हे मला माहीत होतं. मी आईला घेऊन गेले आणि कोपऱ्यात बसले.

पहिले दोन तास चांगले गेले. रशीदभाई साडीकडे बघत होते, हात बघत होते. “ओ भाऊ, ती हिरवी काडा की. लई भडक नगं.” “ही कुणाला? मामीला? मामीला कशाला एवढी भारी?” साड्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला. तिसऱ्या तासाला त्यांचा उजवा गाल ओढल्यासारखा दिसायला लागला. मला उठून त्यांना पाणी द्यावंसं वाटलं. उठले नाही.

नवरीची आजी अगदी समोर बसली होती. तिने हातातली साडी खाली ठेवली. “आरं बाबा, तुजा डोळा दुकतोय का काय?”

गल्ल्यावरचे शेठ वळले.

रशीदभाईंनी पदर खांद्यावरून काढला नाही. “न्हाय आजी. तोंडावरनं वारं गेलतं सात-आठ महिन्यांपूर्वी. बरं झालंय. पण हसलो की हा डोळा मिटतो. बाया म्हनत्यात, डोळा मारतो.”

“आमच्या थोरल्याचं बी झालतं की,” आजी म्हणाली. “त्याचा बी मिटतो.” मग त्यांच्या खांद्यावरच्या शालूकडे बघून म्हणाली, “आन् डोळा मारायचाच आसंल तर त्या पोरींस्नी मारू नगं. मला मार. म्हातारा जाऊन धा वर्सं झाली, कुणी मारलाच न्हाय.”

नवरीने तोंडावर ओढणी घेतली. मावश्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. शेठ गल्ल्यावर डोकं टेकून हसत होते. रशीदभाई इतके हसले की पदर खांद्यावरून घसरला. त्यांचा उजवा डोळा गच्च मिटला होता. मी तपासणीच्या सवयीने गादीवरचे बाकीचे चेहरे बघितले. तिथं एकाचाही डोळा उघडा नव्हता.

आजीने तो शालू नवरीसाठी पक्का केला. पक्का करताना तिचं तोंड पडलेलं होतं.

सोमवारपासून रशीदभाई पुन्हा काउंटरवर आहेत. डोळा अजून मिटतो, मोठं हसले की. आता ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतात, आणि त्यानंतर तक्रार आलेली नाही. आमची शीट सरांनी बदलली. फाइलमध्येही आता दोन नोंदी असतात: सांगितल्यावरचं हसू आणि न सांगता आलेलं. पहिली नोंद अर्ध्या मिनिटात होते. दुसरीसाठी मला पेशंटशी गप्पा माराव्या लागतात, आणि त्या कशा मारायच्या हे कुठल्याही शीटवर छापलेलं नाही. शिकतेय.